गाळलेलं पाणी

"रविवारी ये," सारजाआत्या फोनवर म्हणाली. "आन् त्यो मशिनीचा कागद संगं घिऊन ये. बिरोबाच्या देवळात रविराजला भंडारा उचलून शपथ घ्याय लावायचीय."

दिपालीनं फोन कानापासून जरा लांब धरला. आत्या फोनवर बोलायची ती ओढ्यापलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी. दिपाली शिकवायची त्या बारामतीच्या कॉलेजातल्या लहान, थंड ठेवलेल्या खोलीत आत्याचा आवाज भिंतींवर आपटत होता.

"कशाचा भंडारा, आत्या?"

"आगं, तळ्यात इख कुणी कालवलं त्याचा. सगळं मासं मेलं, दिपे. रोहू, कटला, एक बी वाचला न्हाय. सकाळच्या पारी तुझं मामा गेलं तर तळं नुसतं पांढरं. तुला परीक्षेचं काम असतंय म्हून कळीवलं न्हाय."

"पण विषच कशावरून?"

"मग काय! आक्शिजन तर भरपूर व्हता, तूच सांगितलंस की. तुझं मामा समद्या गावाला त्येच सांगत्यात. आक्शिजन व्हता म्हंजी मासं गुदमारलं न्हाईत. मग कशानं मेलं? आदल्या दिशी रविराजनं बांधाला लागून असलेल्या उसावर डरोन फिरीवलं. आता तूच सांग."

दिपाली म्हणाली, "येते रविवारी," आणि फोन खाली ठेवला.

समोर टेबलावर यंत्र होतं. दळणाच्या डब्याएवढं, पांढरं, आवाज न करणारं. त्या यंत्रानं खोटं काहीच सांगितलं नव्हतं. दिपाली बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली, आणि हीच गोष्ट तिला पुन्हा पुन्हा टोचत राहिली. यंत्र चुकलं असतं तर बरं झालं असतं.

यंत्र कॉलेजात आलं तेव्हा आत्यानं विचारलं होतं, त्यात काय दिसतं म्हणून. पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजनची बारीक बारीक चुंबकं असतात, मोठ्या चुंबकापाशी ती एका दिशेनं तोंड करून उभी राहतात, रेडिओलहरींचा एक धक्का दिला की विस्कटतात आणि मग हळूहळू आपल्या जागी परततात, हे आत्याला कसं सांगावं हे दिपालीला कळेना. मग तिला आजोबांचा कळप आठवला. ती म्हणाली, "आत्या, रात्री वाघुरीच्या जाळीत मेंढरं गप उभी आहेत. कुणीतरी ढोल वाजवला. मेंढरं बुजली, पांगली. थोड्या वेळानं परत गोळा होतात की नाही? ती किती वेळात गोळा होतात तेवढं हे यंत्र मोजतं. आता कळपात कुत्री असली तर मेंढरं लवकर गोळा होतात. ऑक्सिजन स्वतःच चुंबकासारखा असतो. तो पाण्यात जितका जास्त विरघळलेला, तितकी ही मेंढरं लवकर जागेवर येतात."

"म्हंजी आक्शिजन कुत्रं हाय व्हय?"

"तसंच समज."

"आन् कुत्री किती हाईत ते तू मेंढरांवरनं वळखतीस. कुत्र्याकडं बघत न्हाईस."

"बघत नाही."

"मग लेकी, कुत्रं एखादं दुसऱ्याच्या कळपातलं आलं तर?" आत्या हसली होती. दिपालीही हसली होती.

निरवांगीत सोनबामामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, शेततळं खोदलं त्याला आता काही वर्षं झाली होती. आत्याच्या सासरची माणसंही पूर्वी कळपामागं फिरणारी. मेंढरं गेली, ऊस आला, आणि उसाच्या कडेला हे तळं. मामांना माशांचं वेड लागलं. पळसदेवला जाऊन ते उजनीच्या फुगवट्यावरच्या मच्छीमारांशी तासन्‌तास बोलत बसायचे आणि घरी येऊन आत्याला सांगायचे. आत्या मासे खात नव्हती, पण रोज सकाळी भाताचा कोंडा घेऊन तळ्यावर जायची आणि मासे वर आले की त्यांना "या बाबांनो" म्हणायची.

मासे पहाटे तोंडं वर काढून भपभप हवा गिळतात, हे आत्याच्याच ध्यानात आलं होतं. मामा रात्रभर पाणी उडवणारा पंखा लावून ठेवायचे. पण पंख्याची मोटर तापायची, वास मारायची, आणि विहिरीवरच्या मोटारीलाही तीच लाइन. "रातचा बंद केला तर चालंल का, तेवढं तुझ्या मशिनीवर बघून सांग," असं मामांनी आत्याकरवी विचारलं.

त्याच आठवड्यात पुण्याहून यंत्र बघायला समिती येणार होती. दिपालीनं आलेख तयार केला होता. शुद्ध पाण्यातून नायट्रोजन सोडून ऑक्सिजन काढून टाकलेला एक बिंदू, हवा पुरेपूर मुरवलेला दुसरा, मधले काही. सगळे एका सरळ रेषेवर. त्यावर इथल्या मातीतला एखादा बिंदू असता तर फार शोभलं असतं. तळ्यात बुडवून ऑक्सिजन मोजायचं साधं, हातातलं मीटरही कपाटात होतं. ते घेऊन निरवांगीला जायचं तर अर्धा दिवस मोडला असता. तिनं आत्याला फोन केला: एक बाटली स्वच्छ धू. तळ्याच्या पाण्यानं काठोकाठ भर. झाकणाखाली बुडबुडा राहता कामा नये. दुधाच्या टेम्पोवाल्या अजितकडं दे.

आत्यानं सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. बाटली काठोकाठ भरलेली होती. तिला फडक्यात गुंडाळून वर सुतळी बांधली होती. एकही बुडबुडा नव्हता.

पाणी मात्र निवळ होतं.

निरवांगीच्या तळ्याचं पाणी दिपालीनं लहानपणापासून नाही तरी गेल्या दिवाळीपासून पाहिलेलं होतं. ते हिरवं होतं, मुगाच्या कढणासारखं. बाटलीतलं पाणी उजेडात धरलं तर पलीकडची खिडकी दिसत होती. आणि तिनं ते बारीक काचेच्या नळीत भरलं तेव्हा तळाशी एक धागा दिसला. सुती, पिवळट. लुगड्याच्या पदराचा असतो तसा.

तिनं तो चिमट्यानं काढला.

आत्यानं पाणी गाळून दिलं होतं. दिपालीला ते त्याच क्षणी कळलं. आत्या कुणालाही न गाळलेलं पाणी देत नसे. ती लहान असताना कळपाबरोबर फिरताना तिच्या थोरल्या भावाला, म्हणजे दिपालीच्या मोठ्या काकांना, नारू झाला होता. कुठल्याशा बारवेतलं पाणी प्याल्यामुळं. पायातून तो किडा काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढायचे, आणि आत्या त्यांचा पाय धरून बसायची. पुढं गावोगाव सांगणारे लोक आले: पाणी दुहेरी फडक्यातून गाळा, नारू जाईल. आत्यानं ते असं धरलं की नारू देशातून गेला तरी तिचं गाळणं गेलं नाही. आता घरात नळाला फिल्टर होता. तरी हंड्यावर पदर असायचाच. पाहुण्याला पाणी द्यायचं तर तीन वेळा.

आणि उंचावरून धार धरून, फडक्यातून तीन वेळा गाळलेल्या पाण्यात हवा काठोकाठ मुरते. हे दहावीच्या मुलालाही सांगता येईल.

झाकण लावेपर्यंत हे सगळं दिपालीच्या मनात येऊन गेलं. मग तिनं झाकण लावलं, नळी यंत्रात सोडली. त्याच पाण्याचा दुसरा वाटा घेऊन त्यातून नायट्रोजन सोडला, तोही मोजला. पाण्यातल्या लोहाचा, मातीचा भाग वजा जावा म्हणून. त्यात तिनं काडीची कसूर केली नाही. बिंदू आला तो बरोबर रेषेवर, अगदी वरच्या टोकाशी. इतका सुबक बसला की तिनं तो लाल रंगात घातला. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "हे तळं कुठलं?" दिपाली म्हणाली, "निरवांगी, इंदापूर तालुका." बाई म्हणाल्या, "वा."

संध्याकाळी तिनं आत्याला फोन केला. "ऑक्सिजन भरपूर आहे. मामांना सांग, पंखा रात्री बंद ठेवला तरी चालेल."

मग ढग आले. ऊन पडेना. हिरवं पाणी दिवसा ऑक्सिजन करतं ते कमी झालं, रात्री खातं ते खातच राहिलं. आणि पंखा बंद होता.

शनिवारी सकाळी दिपाली लवकर कॉलेजात गेली. मागच्या बागेतल्या हौदाचं पाणी हिरवं झालेलं होतं. नळी पाण्याखाली धरून तिनं एक नमुना भरला. मग बादलीभर पाणी घेऊन ते आपल्या ओढणीतून गाळलं, तीनदा, आणि दुसरा भरला. पहिला बिंदू रेषेवर खूप खाली आला. दुसरा वर गेला, तिथंच, लाल बिंदूच्या शेजारी. हे करायची काही गरज नव्हती. तिला ते आधीच माहीत होतं. ओल्या ओढणीचा शेवाळाचा वास दिवसभर तिच्या अंगाला येत राहिला.

रविवारी ती स्कूटरवर निघाली. वालचंदनगरला ज्या क्वार्टर्समध्ये तिचं बालपण गेलं, त्यांच्या कमानीवरून पुढं जाताना तिनं वाक्य जुळवून ठेवलं: बाटली टेम्पोत हिंदकळली, पाण्यात हवा मिसळली, म्हणून आकडा वाढून आला, तळ्यात खरा ऑक्सिजन कमी असणार, मासे त्यानंच मेले. या वाक्यात रविराज सुटत होता. आत्याचं नाव येत नव्हतं. दिपालीचंही फारसं येत नव्हतं, टेम्पोचं येत होतं. वाक्य चांगलं होतं. फक्त काठोकाठ भरलेली, बुडबुडा नसलेली बाटली कितीही हिंदकळली तरी तिच्यात हवा मिसळत नाही, एवढंच. पण ते तिथं कुणाला कळणार होतं?

गावाच्या अलीकडं, निलगिरीच्या झाडाखाली रविराज मोटरसायकल लावून उभा होता. मागच्या सीटवर नेहमी ड्रोनची पेटी बांधलेली असायची. आज नुसत्या दोऱ्या लोंबत होत्या. मामांच्या चुलतभावाचा हा मुलगा. पोरसवदा होता तेव्हा दिपालीकडून गणितं सोडवून घ्यायचा. आता ड्रोन चालवण्याचं रीतसर शिक्षण घेऊन फवारणीचं काम करत होता.

"दिपाताई," तो म्हणाला. "तुजीच वाट बघत हुतो."

"पेटी कुठंय?"

"घरात. कोण बोलवतंय आता? पल्याडच्या वस्तीवर परवा जायचं हुतं, त्यांचा फोन आला, राहू दे म्हणं. माशामारा म्हणत्यात मला." तो हसला, पण ते हसू तोंडभर गेलं नाही. "एक इचारू का? खरं सांगशील?"

"विचार."

"त्या दिशी वारं व्हतं. लई न्हाय, पर व्हतं. मी तळ्याच्या कडंच्या चार सऱ्या सोडून फवारलं. पर एखादा थेंब उडून पाण्यात पडला न्हाय आसं मी कसं म्हणू? मला काय ठावं? तुझ्या मशिनीत त्यो थेंब दिसंल का? दिसला तर दिसला. मग मी कबूल करीन, भरून दीन. पर न्हाय दिसला तर मला भंडारा उचलता यील. आता उचलला आन् थेंब पडला असला, तर?"

दिपाली हेल्मेटचा पट्टा सोडत राहिली. तो सुटलेलाच होता.

तिथं रस्त्यावर, दोघंच असताना, सांगून टाकणं सर्वांत सोपं होतं. ती म्हणाली, "देवळात बोलू, रवी."

"बरं," तो म्हणाला. तिच्या बोलण्यात काही आधार आहे की नाही, हे तो शोधत होता. त्याला तो सापडला नाही, हे तिला दिसलं.

घरी आत्यानं दारातच तिच्या पायावर पाणी घातलं, तोंडावरून हात फिरवला. "वाळलीस गं. कालेजात डबा खातीस का मशिनीलाच चारतीस?" मग आत गेली. तांब्याच्या तोंडावर पदर धरला, पाणी ओतलं. पुन्हा ओतलं. पुन्हा. पाण्याची धार दिपालीला ऐकू येत होती. आत्यानं तांब्या पुढं केला. दिपालीनं प्यायलं.

"आत्या," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही. मामा कुठंत?"

"देवळाकडं गेलं. कवाधरनं. तुझा कागद दावायचाय नव्हं समद्यांना." आत्या तिच्याजवळ बसली आणि आवाज खाली आणला. "मला बी बरं वाटत न्हाय बघ त्या रविराजचं. लहानपणी माझ्या मांडीवर झोपायचा. पर तळ्याकडं बघवत न्हाय, दिपे. सकाळी कोंडा घिऊन जाते आन् मग ध्यानात येतंय."

दिपालीच्या पिशवीत छापलेला आलेख होता, लाल बिंदूसकट. तिनं पिशवी मांडीवरून काढून मागं ठेवली.

देवळासमोरच्या पिंपळाखाली माणसं बसली होती. बायका कडेनं, भिंतीला टेकून. गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर पितळेच्या ताटलीत भंडारा ठेवलेला होता, उन्हात पिवळाजर्द. आप्पासाहेब, सगळ्यांत वडीलधारे, काठीवर हनुवटी टेकून होते.

"ही आमची दिपाली," सोनबामामा उठून म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता आणि तो दिपालीला सहन होईना. "डॉक्टर हाय. सुईवाली न्हाय, पाण्याची. हिनं मशिनीवर पाणी बघितलं. आक्शिजन शंभर नंबरी व्हता. मग मासं मरत्यात कशानं, ह्येचं उत्तर रविराजनं द्यावं."

"रविराज," आप्पासाहेब म्हणाले, "काय लांबड लावत न्हाय. भंडारा उचल, माझ्यामुळं मासं मेलं न्हाईत म्हण, आन् जा घरी. बिरोबा बघून घील."

रविराज उठला. ताटलीपाशी गेला. खाली वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"उचल की," कुणीतरी म्हणालं.

"आप्पा, मी मुद्दाम काय केलं न्हाय, ह्ये उचलून सांगतो. पर माझ्यामुळं मेलं न्हाईत, ह्ये मला ठावं न्हाय. ठावं न्हाय त्येची शपथ कशी घिऊ?"

"बघा," भिंतीकडून प्रयागबाई म्हणाली. "चोराचा हात देवाम्होरं आकडला."

"ए बाई, गप," आप्पासाहेब म्हणाले, पण तेही रविराजकडं आता वेगळ्या नजरेनं बघत होते. सोनबामामांनी हात झटकले. "झालं की मग. अजून काय पायजे?"

रविराज वाकलेला सरळ झाला. त्याच्या बोटांना काहीच लागलेलं नव्हतं. तो दिपालीकडं बघत नव्हता, आणि ते तिला बघण्यापेक्षा वाईट वाटलं.

"थांबा," दिपाली म्हणाली. "मासे विषानं मेले नाहीत. श्वास कोंडून मेले. पंखा बंद होता म्हणून."

"आगं पर आक्शिजन..." मामा म्हणाले.

"तो बाटलीतल्या पाण्यात होता, मामा. तळ्यातल्या नव्हे."

"आता बाटलीतलं पाणी काय पंढरपूरनं आलं व्हतं?" मागून एकजण म्हणाला, आणि दोघंचौघं हसली. आप्पासाहेबांनी काठी आपटली.

"पोरी, मला समजंल आसं सांग. पाणी तळ्यातलंच ना? मग बाटलीत येगळं कसं झालं?"

वाक्य तयार होतं. बाटली टेम्पोत हिंदकळली. तिनं तोंड उघडलं.

"आन् सांगतीस ती भंडाऱ्याला हात लावून सांग," आप्पासाहेब म्हणाले. "त्यो बी सांगत न्हाय, आन् तू म्हणतीस मी सांगते. मग न्याव सारखा पायजे. आधी आक्शिजन हाय म्हणलीस, आता न्हाय म्हणतीस. तूच उचल."

दिपालीचा देवावर विश्वास होता की नाही, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. तिच्या कामात त्याची गरज पडत नसे. ती उंबऱ्यापर्यंत गेली. भंडाऱ्याची चिमूट घेतली. हळद कोरडी आणि हलकी होती. तिच्या बोटांच्या रेघांत ती लगेच बसली. शेजारी रविराजचे रिकामे हात होते. माहीत नसलेल्या एका थेंबासाठी त्यानं आपलं नाव बुडू दिलं होतं. तिला मात्र सगळं माहीत होतं.

"पाणी गाळलेलं होतं," ती म्हणाली. "फडक्यातून गाळलं की पाण्यात हवा मिसळते. मग ते तळ्यातलं राहत नाही. गाळू नये, हे मी सांगितलं नव्हतं. मी स्वतः येऊन पाणी घ्यायला हवं होतं, मी आले नाही."

तेवढ्यावर थांबता आलं असतं. बोटांत चिमूट होती.

"आणि मला दिसलं होतं. पाणी निवळ होतं. त्यात धागा होता पदराचा. मी तो काढून टाकला आणि मोजलं. विचारलं नाही. आकडा चांगला आला म्हणून विचारलं नाही."

पिंपळावर पोपटांचा कालवा चालला होता. मग भिंतीकडून आत्याचा आवाज आला, फोनवर असतो तसा मोठा नव्हता.

"मी गाळलं."

"आत्या..."

"मी तीन बार गाळलं. घाण पाणी कसं धाडायचं पोरीला? कालेजात चारचौघं बघत्याली. म्हणत्याली, हिच्या आत्याचं पाणी बघा कसलं हाय." तिनं आजूबाजूला बघितलं, जणू कुणीतरी आता म्हणेल, बरोबर आहे, कसं धाडायचं. प्रयागबाईनं पदर तोंडावर घेतला आणि शेजारणीच्या कानात काहीतरी पुटपुटली. आत्याला ते ऐकू गेलं. तिची मान खाली गेली.

सोनबामामा उभेच होते. ते दिपालीकडं बघत होते, मग बायकोकडं, मग पुन्हा दिपालीकडं. आता डॉक्टर हाय म्हणून कुणाकडं बोट दाखवावं हे त्यांना कळत नव्हतं.

"मग," आप्पासाहेब म्हणाले, "रविराज सुटला."

"तरी बी आप्पा," रविराज म्हणाला, "थेंब पडला न्हाय आसं मी म्हणत न्हाय हां."

"बस खाली, येड्या! सुटलास तर गप सुट की."

त्यावर माणसं हसली, मनापासून, सुटल्यासारखी, आणि उठायला लागली. दिपाली उंबऱ्याशीच उभी होती. भंडाऱ्याची चिमूट कुठं ठेवायची हे तिला कळेना. शेवटी तिनं ती ताटलीत परत सोडली. बोटं पिवळीच राहिली. रविराज तिच्याजवळून जाताना थांबला. "दिपाताई," म्हणाला, आणि मोटरसायकलकडं निघून गेला. सकाळी झाडाखाली तिनं सांगितलं असतं तर त्याला देवापुढं वाकावं लागलं नसतं, हे त्याच्या ध्यानात आलं होतं की नाही, कोण जाणे. येणारच होतं, आज नाहीतर रात्री अंथरुणावर.

घराकडं जाताना मामा पुढं चालत होते, आत्या मागं, दिपाली तिच्याही मागं. नेहमी आत्या हात धरून चालायची.

तळ्यापाशी आत्या थांबली. पाणी हिरवंगार, शांत होतं. पंखा कडेला ओढून ठेवला होता, त्याच्या पात्यांवर शेवाळ वाळलेलं.

"गाळलेलं तुला कळलं व्हतं," आत्या म्हणाली. ती पाण्याकडं बघत होती.

"हो."

"मला फोन करून इचारलं असतंस, तर मी दुसरं भरून दिलं असतं. न गाळता."

"हो."

"इचारायचं काय लागतंय गं?"

दिपालीजवळ याचं उत्तर होतं ते एवढंच की लाल बिंदू रेषेवर छान दिसत होता, आणि ते या पाण्याच्या काठावर उभं राहून बोलण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, "पुढच्या वेळी मी येईन. मीटर घेऊन. पाण्यात बुडवूनच बघू. मामांना म्हणावं, पुन्हा मासे सोडा."

"बघत्याल ती," आत्या म्हणाली. "सोडायचं तर सोडत्याल."

घरी भाकरी झाली, पिठलं झालं. मामा जेवताना एकदाच बोलले: "तुमच्या समितीला काय कळीवणार?" दिपाली म्हणाली, "उद्याच कळवते. बिंदू काढून टाका, चुकीचा आहे म्हणून." मामांनी मान हलवली आणि ताकाची वाटी तिच्याकडं सरकवली. त्या सरकवण्यात माया होती की रीत, हे तिला ओळखता आलं नाही.

ऊन कलताना ती निघाली. स्कूटर काढली, पिशवी अडकवली. तोंडाला कोरड पडली होती.

"थांब, पाणी पिऊन जा," आत्या आतून म्हणाली.

दिपाली दारात उभी राहिली. आत्यानं हंड्यातून पाणी घेतलं, दुसरा हात सवयीनं पदराकडं गेला, पदर तांब्याच्या तोंडावर ओढला गेला. आणि तिथंच थांबला. आत्याचा हात असा अधांतरी थांबलेला दिपालीनं कधीच पाहिला नव्हता. आत्या कळपामागं हिंडली, सासरी आली, म्हातारी झाली, तो हात कुणाला न विचारता चालत आला होता.

आत्यानं वळून तिच्याकडं बघितलं.

"गाळू का गं," ती म्हणाली, "का न्हाय?"

"गाळ, आत्या. प्यायचं पाणी गाळायचंच असतं."

"आसं व्हय," आत्या म्हणाली. "मला काय आता कळंना झालंय." आणि तिनं पाणी ओतलं. एकदाच.